एका घराच्या पाच किमती



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही 'घरकर्जासाठी होणारे मूल्यांकन' असे सांगितले. त्यांचा चेहरा जरा उतरला. या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर बोलले जाते, राज्यघटनेवर बोलले जाते, परदेशप्रवासाची वर्णने होतात. त्यात हा रुक्ष विषय कुठून आला, असे त्यांना वाटले असावे. पण श्रोत्यांमध्ये ज्यांनी गेल्या वीस वर्षांत घर बांधले किंवा घेतले असेल, त्यांना तो रुक्ष वाटणार नाही. आयुष्यभराची कमाई एका कागदावरच्या एका आकड्याशी कशी बांधली जाते, हे त्यांनी पाहिलेले आहे.

आम्ही कामगार संघटनेचे माणूस. आमचे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीत जास्त झाले. 'घसारा' हा शब्द आम्ही कोणत्याही महाविद्यालयात शिकलो नाही. १९६५ च्या बोनस कायद्याखालच्या वादांत शिकलो. मालकाचा ताळेबंद समोर आला की नफ्यातून पहिली वजावट घशाऱ्याची. यंत्र किती झिजले हे कागदावर धरले जायचे आणि त्यावरून आमच्या ताटात किती पडेल ते ठरायचे. म्हणून कोणी एखाद्या वस्तूची किंमत लिहून आणली की, ही कोणी ठरवली, कशावरून ठरवली आणि तिचा हिशेब आम्हाला दाखवणार काय, हे विचारण्याची आम्हाला सवयच जडली.

पूर्वी कचेरीत येणारा कामगार बहुधा आरोपपत्र किंवा बडतर्फीचा कागद घेऊन येई. अलीकडे तो बँकेचे पत्र घेऊन येतो. "भाऊ, घर माह्यं, हप्ता मी भरनार, अन् किंमत ठरवनारा मानूस पंधरा मिनिटं बी थांबला नाही." हे वाक्य थोड्याफार फरकाने आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की या विषयाचा अभ्यास करणे आम्हाला भाग पडले.

उदाहरणाला आम्ही पिपरी मेघे घेतो. आपल्या वर्ध्याला लागून असलेले हे गाव. सिंदी, सावंगी, बोरगाव, उमरी यांच्यामागे जसे कंसात 'मेघे' लागते तसेच याच्यामागेही लागते. वर्धा शहर कुठे संपले आणि पिपरी कुठे सुरू झाली हे परक्या माणसाला सांगता येणार नाही. जनगणनेने पिपरीला शहर म्हटले आहे. जनगणनेची कसोटी अशी : किमान ५,००० वस्ती, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या धंद्यात, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे. या कसोटीला जे गाव उतरते, त्याला 'जनगणना शहर' म्हणतात. पण हे शहर फक्त मोजणीपुरते. नगरपालिका असलेले ते 'वैधानिक शहर'. पिपरीचा कारभार पाहत आली ती ग्रामपंचायत. तेव्हा माणसांच्या धंद्याने शहर आणि कायद्याच्या दृष्टीने खेडे, अशी या गावाची अवस्था. ही केवळ नावाची गोष्ट नाही, ती पैशाची गोष्ट आहे.

कशी ते पाहा. २०१५ साली प्रधानमंत्री आवास योजना शहरी भागासाठी सुरू झाली. तिच्यात दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाला ६ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात साडेसहा टक्के सवलत होती. ती पुरी मिळाली तर सुमारे २ लाख ६७ हजार रुपये होत. ही सवलत मार्च २०२२ मध्ये बंद झाली. ग्रामीण भागासाठी २०१७ साली जी व्याजसवलत आली ती २ लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के. शहरी योजना मुळात वैधानिक शहरांची. भोवतालचे क्षेत्र नियोजन क्षेत्र म्हणून अधिसूचित असेल तर तेही आत येते. म्हणजे एकाच कारखान्यात, एकाच पाळीत, एकाच पगारावर काम करणारे दोघे. एकाचा प्लॉट हद्दीच्या अलीकडे, दुसऱ्याचा पलीकडे. अनुदान पगारावर ठरत नव्हते, सर्व्हे नंबरावर ठरत होते. २०२४ च्या सप्टेंबरात शहरी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात ३५ लाखांपर्यंतच्या किमतीचे घर आणि २५ लाखांपर्यंतचे कर्ज असेल तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सवलत आहे. एकंदर मर्यादा १ लाख ८० हजार, आणि तीही पाच वार्षिक हप्त्यांत. हद्दीचा प्रश्न मात्र तसाच उभा राहतो.

मग पिपरीच्या कामगाराने ग्रामीण योजनेतून घरकुल घ्यावे, असे कोणी म्हणेल. ग्रामीण योजनेत सपाट प्रदेशात घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. पण ती योजना बेघरांसाठी आणि कच्च्या घरात राहणाऱ्यांसाठी आहे. घरातले कोणी महिना १०,००० च्या वर मिळवत असेल तर नाव गळत असे. २०२४ मध्ये ही मर्यादा १५,००० केली. आमचा कंत्राटी कामगार जादा तास करून सोळा-सतरा हजार घरी आणतो. तो गरीब म्हणायला श्रीमंत आणि श्रीमंत म्हणायला गरीब. त्याला उरते ते कर्ज. आणि कर्ज म्हटले की मूल्यांकन आले.

आता मथळ्याकडे येतो. पिपरीतल्या एखाद्या घराच्या किमती किती? पाच.

पहिली किंमत ग्रामपंचायतीची. ती कर आकारणीच्या नोंदवहीत, नमुना ८ मध्ये असते. २०१५ च्या अखेरीस नियम बदलून हा कर भांडवली मूल्यावर बसवण्याची पद्धत आली. दुसरी किंमत मुद्रांक खात्याची. नोंदणी महानिरीक्षक दरवर्षी बाजारमूल्याचा तक्ता काढतात. त्याला सारे लोक 'रेडी रेकनर' म्हणतात. शहराला लागून असलेल्या गावांना त्या तक्त्यात 'प्रभाव क्षेत्र' असे नाव आहे. शब्द मोठा गोड; प्रभाव शहराचा आणि शुल्क गावकऱ्याला. तिसरी किंमत बाजाराची, म्हणजे पानठेल्यावर उभे राहून दलालाने सांगितलेली. चौथी बँकेच्या मूल्यांककाची. आणि पाचवी, जी ऐकण्याची पाळी कोणावर येऊ नये, ती लिलावाची.

या पाच किमती निरनिराळ्या असाव्यात यात स्वतःहून काही गैर नाही. कामे निराळी, म्हणून किमती निराळ्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली जवाजी नागनाथम यांच्या खटल्यात सांगितले की, मुद्रांक शुल्कासाठी ठेवलेल्या मूल्याच्या नोंदवहीवरून भूसंपादनाचा मोबदला ठरवता येत नाही. त्याआधी १९८८ साली पुण्याच्या एका भूसंपादनाच्या प्रकरणात, चिमणलाल हरगोविंददास यांच्या खटल्यात, जमिनीची किंमत कशी काढावी याची तत्त्वे त्याच न्यायालयाने घालून दिली. विकण्याची घाई नसलेला विक्रेता आणि घेण्याची सक्ती नसलेला खरीददार, असे दोघे समोरासमोर बसले तर जो भाव ठरेल तो बाजारभाव. मग रस्त्याला लागून असेल तर अधिक, आत असेल तर उणे. लहान तुकडा असेल तर अधिक, मोठा पट्टा असेल तर उणे. हा निकाल जिज्ञासूंनी जरूर वाचावा. वकिलाची मदत न घेताही तो समजतो, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

पण पिपरीच्या बाजारात तो निवांत विक्रेता आणि तो निवांत खरीददार कोणी पाहिला आहे काय? तिथे काय चालते ते आकड्यांनीच सांगावे लागेल. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

समजा, एका घराचा सौदा १८ लाखांना ठरला. विक्रेता म्हणतो, खरेदीखत १२ लाखांचे करू, वरचे ६ लाख रोख द्या. त्याला कर वाचवायचा आहे, आणि घेणाऱ्यालाही वाटते की मुद्रांकाचे चार पैसे वाचतील. मूल्यांकक येतो, पाहतो आणि ११ लाख लिहितो. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण ९० टक्के कशाचे? बँक खरेदीखताची किंमत आणि मूल्यांककाची किंमत यांतली जी कमी असेल ती धरते. म्हणजे ११ लाखांचे ९० टक्के, ९ लाख ९० हजार. घर तर १८ लाखांचे. कामगाराने स्वतःचे किती आणायचे? ८ लाख १० हजार. नियमाप्रमाणे त्याचा वाटा दहा टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो पंचेचाळीस टक्के झाला. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च आणखी वेगळा. कारण १० लाखांपर्यंतच्या घराचा अपवाद सोडला तर तो खर्च कर्जासाठी घराच्या किमतीत धरता येत नाही.

हे ८ लाख येतात कुठून? भविष्य निर्वाह निधीतून काही, बायकोच्या अंगावरच्या दागिन्यांतून काही, गावाकडचे एक-दीड एकर असेल तर ते विकून काही, आणि उरलेले शेकडा तीन-चार रुपये महिन्याने. महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा कायदा २०१४ साली आला. पण ज्याला उद्या सकाळी रजिस्ट्रारच्या कचेरीत उभे राहायचे आहे तो परवाना तपासत बसत नाही. सरकारने व्याजात जी सवलत दिली तिच्यापेक्षा जास्त व्याज हा माणूस या वरच्या रकमेवर भरून चुकतो. सरकारी मदतीचे घरकर्ज म्हणून जे आपण वर्तमानपत्रात वाचतो, त्याच्या पोटात हे खाजगी कर्ज दडलेले असते, आणि ते कोणत्याही अहवालात दिसत नाही.

पुढची गंमत अशी की, खरेदीखत १२ लाखांचे नोंदले गेले. आता सहा महिन्यांनी शेजारचे घर विकायला निघाले. मूल्यांकक आला. त्याने नोंदणी कचेरीत तुलनेसाठी आसपासचे व्यवहार पाहिले. त्याला काय दिसले? १२ लाख. तो म्हणणार, या वस्तीत भावच बारा लाखांचा आहे. म्हणजे एकाच्या खोट्या कागदाने दुसऱ्याचे कर्ज कमी होते, दुसऱ्याच्या कागदाने तिसऱ्याचे. पुढेमागे ते घर विकण्याची पाळी आली म्हणजे पहिल्याला आपली खरेदी १२ लाखांचीच दाखवावी लागते, आणि कधी न झालेल्या नफ्यावर कराचा हिशेब होतो. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घेण्याला २०१५ पासून कायद्याने बंदी आहे. बंदी आहे हे सर्वांना माहीत आहे. आमच्या श्रोत्यांपैकी काही जणांना फारच चांगले माहीत असेल!

आता त्या मूल्यांककाकडे वळू. त्याला शिव्या घालण्यासाठी आम्ही उभे नाही. तोही कामाच्या नगावर पैसे मिळवणारा माणूस आहे; दिवसाकाठी पाच-सहा घरे पाहिल्याशिवाय त्याचे पेट्रोलही सुटत नाही. तो येतो, फीत किंवा प्रकाशाचे यंत्र लावून लांबी-रुंदी घेतो, घरमालकाला दारात उभे करून छायाचित्र काढतो, खतातली चतुःसीमा प्रत्यक्षाशी ताडतो, वीजबिल आणि ग्रामपंचायतीची करपावती पाहतो, कोपऱ्यावरच्या ठेल्यावर भाव विचारतो. मग छापील फॉर्म भरतो. आम्ही अशा फॉर्मांचे काही नमुने मिळवून वाचले. त्यात परिसराचे वर्गीकरण विचारलेले असते : उच्च, मध्यम की गरीब? शहरी, निमशहरी की ग्रामीण? हद्द महापालिकेची, नगरपालिकेची की ग्रामपंचायतीची? तीन खुणा केल्या की पिपरीच्या घराचे अर्धे भविष्य लिहिले गेले. 'गरीब' या रकान्यात खूण करायला क्षणाचाही वेळ लागत नाही. ती वस्ती गरीब का राहिली, तिथला रस्ता का झाला नाही, नाली का बांधली नाही, यासाठी फॉर्मात जागा नाही. रस्ता सरकारने केला नाही म्हणून घराची किंमत कमी, आणि किंमत कमी म्हणून सरकारी मदतीचे कर्ज कमी.

इमारतीचा हिशेब आणखी पाहण्यासारखा आहे. सिमेंट-लोखंडाच्या घराचे आयुष्य साधारण ६० वर्षे धरतात आणि शेवटी मोडतोडीची १० टक्के किंमत उरते असे मानतात. म्हणजे ९० टक्के किंमत ६० वर्षांत झिजते. वीस वर्षांच्या घराला ३० टक्के घसारा. तेच घर विटामातीचे, वर टिनाचे असेल आणि त्याचे आयुष्य समजा ४० वर्षे धरले, तर वीस वर्षांत ४५ टक्के गेले. शिवाय कर्जाच्या मुदतीपेक्षा इमारतीचे उरलेले आयुष्य जास्त असावे असेही बँक पाहते. तेव्हा कर्ज तर कमी मिळतेच, वर थोड्या वर्षांत फेडायचे म्हणून हप्ता मोठा बसतो. घर जितके साधे तितका हप्ता जड.

आपल्या वर्ध्यात या हिशेबाची परीक्षा घेण्यासाठी फार लांब जायला नको. सेवाग्रामला जावे. गांधीजी १९३६ साली त्या वेळच्या शेगावात राहायला गेले. तिथल्या कुट्या माती, बांबू, लाकूड आणि कवेलू या आसपास मिळणाऱ्या सामानाच्या. जवळजवळ नव्वद वर्षे झाली. निगा राखली म्हणून त्या उभ्या आहेत, आणि वैशाखात आत शिरले की गारवा लागतो. आता कल्पना करा, बापूकुटीचे कोणी त्या छापील फॉर्मावर मूल्यांकन केले. भिंती : मातीच्या. छप्पर : कवेलूचे. वर्ग : कच्चे. उरलेले आयुष्य : नाही. इमारतीची किंमत शून्य, फक्त जागेची धरावी! ज्या जिल्ह्यात देवेंद्रकुमारांनी १९७६ साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभे केले, ज्या केंद्राने कुंभाराच्या चाकावर होणाऱ्या शंकूच्या आकाराच्या कवेलूंनी लोखंडावाचून छत घालून दाखवले, त्या जिल्ह्यात अशा छताच्या घरावर कर्ज मागायला गेले तर समोरचा माणूस तोंडाकडे पाहत राहतो. मग कामगार काय करतो? गरज नसताना स्लॅब टाकतो. उन्हाळ्यात त्या स्लॅबखाली भाजून निघतो आणि कूलरचे बिल भरतो. कारण स्लॅबला किंमत आहे, गारव्याला नाही.

आणि आमची काळी माती! कापसाला ती सोन्यासारखी, घराला वैरीण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरच्यावर पाया घेतला तर दोन वर्षांत भिंत चिरते. म्हणून खोल खणावे लागते, मुरूम भरावा लागतो, जोत्याखाली काँक्रीटचा पट्टा घ्यावा लागतो. हा सारा खर्च जमिनीच्या पोटात जातो. मूल्यांकक चौरस फुटाला ठरावीक दर लावतो. तो दर मुरमाड जमिनीवरच्या घराला आणि काळ्या मातीतल्या घराला पुष्कळदा एकच. एक भगिनी आम्हाला म्हणाली, "भाऊ, मानूसभर खोल पैसा गाडला आमी. त्याचा फोटू कसा काढू?" तिच्या प्रश्नाला उत्तर आहे. पाया भरताना छायाचित्रे काढून ठेवावी, मुरूम, गिट्टी, लोखंड यांच्या पावत्या ठेवाव्या, आणि हप्त्याहप्त्याने कर्ज सुटताना जोत्याच्या तपासणीलाच त्या पुढे कराव्या. स्लॅब पडल्यानंतर पायाबद्दल बोलून उपयोग नाही. पण हे तिला आधी कोणी सांगितले नव्हते.

कागदांचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल. आपला मुलूख मालगुजारीचा. मध्यप्रदेशच्या १९५० च्या कायद्याने १९५१ साली मालगुजारी गेली, पण जुन्या आबादीतल्या कित्येक घरांना पिढ्यान्‌पिढ्या ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वाचून दुसरा कागद नव्हता. आणि तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत आबादीची ड्रोनने मोजणी करून मिळकतपत्रिका देण्याचे काम निघाले, ते चांगले काम आहे. मात्र शहरालगतच्या गावांत नवी घरे आबादीबाहेर, शेताचे ले-आऊट पाडून झाली. तिथे अकृषक परवानगी आहे काय, नकाशा मंजूर आहे काय, हे प्रश्न येतात. बँक याविषयी एवढी कडक का, तर त्याचे कारण २००२ च्या वसुली कायद्यात आहे. हप्ते थकले तर साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात न जाता घर ताब्यात घेण्याचा अधिकार त्या कायद्याने बँकेला दिला. पण शेतजमिनीला तो कायदा लागू नाही. जी जमीन कागदोपत्री शेत आहे तिच्यावरचे घर बँकेच्या हाती लागत नाही, म्हणून तिला त्या घराची किंमत दिसत नाही. स्वस्तात मिळाला म्हणून अकृषक नसलेला प्लॉट जो घेतो, त्याला हा स्वस्तपणा कर्जाच्या वेळी कळतो. मग राष्ट्रीयीकृत बँकेचे दार बंद, आणि खाजगी वित्तसंस्थेचे दार चढ्या व्याजाने उघडे.

पाचवी किंमत इथेच येते. त्याच २००२ च्या नियमांप्रमाणे लिलावाआधी मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून पुन्हा किंमत काढून राखीव किंमत ठरवावी लागते. म्हणजे मूल्यांकक एका घराच्या आयुष्यात दोनदा येऊ शकतो : पहिल्यांदा पेढ्यांच्या वेळी, दुसऱ्यांदा डोळ्यांत पाणी असताना. दोन्ही वेळा तो ज्याच्यासाठी येतो तो घरमालक नसतो. आणि राखीव किंमत गैरवाजवी वाटली तर दाद मागायला जायचे नागपूरला, ऋण वसुली न्यायाधिकरणात. ज्याचे हप्ते थकले आहेत तो नागपूरचा वकील कुठून करणार?

या ठिकाणी सरकारी पाठिंबा म्हणजे नेमके काय, ते नीट ओळखले पाहिजे. १९८८ साली स्थापन झालेली राष्ट्रीय आवास बँक कर्ज देणाऱ्या संस्थांना पुनर्वित्त देते. २०१२ साली अल्प उत्पन्नाच्या लोकांच्या घरकर्जांसाठी केंद्राने हमी निधीचा न्यास काढला. कर्ज बुडाले तर नुकसानीचा काही भाग हा निधी देतो. पण देतो कोणाला? बँकेला. घर गेलेल्या माणसाला नव्हे. आम्ही याच्या विरुद्ध नाही. हमी असल्याशिवाय बँक गरिबाला दारात उभे करणार नाही, हे आम्ही जाणतो. आमचे म्हणणे इतकेच की, जिथे जनतेचा पैसा जामीन आहे तिथे मूल्यांकन हा बँक आणि मूल्यांकक यांच्यातला खाजगी कागद राहू शकत नाही.

अमेरिकेने हा धडा फार महाग घेतला. १९३४ साली तिथे सरकारने घरकर्जांना हमी देणारी संस्था काढली. लाखो कामगारांची घरे तिच्यामुळे झाली, हे खरे. पण तिच्या मूल्यांककांसाठी जी नियमपुस्तिका होती, तिच्यात वस्तीत राहणारे लोक कोणत्या वंशाचे यावरून परिसराची किंमत ठरवण्याची सोय होती. त्याच काळात दुसऱ्या एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढून धोक्याच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या. निग्रो वस्त्यांवर सर्रास लाल रंग पडला. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून किंमत नाही, किंमत नाही म्हणून कर्ज नाही. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातला असा भेद बेकायदा ठरवला, तरी त्याच्या खुणा तिथल्या शहरांत अजून दिसतात. आपल्या फॉर्मात जात लिहिलेली नसते, हे मान्य. पण आपल्या गावांत वस्तीचे नाव सांगितले की जात न लिहिताही कळते, हेही इथे बसलेल्या प्रत्येकाला मान्य व्हावे.

उलट बाजूही सांगितलीच पाहिजे, नाहीतर आम्ही एकांगी बोललो असे होईल. आमचे काही कार्यकर्ते म्हणतात, बँकेने किंमत वाढवून धरावी म्हणून मोर्चा काढू. आम्ही त्यांना नाही म्हणतो. फुगवलेली किंमत ही कमी किमतीपेक्षा वाईट. बांधकाम करणारा, दलाल आणि मूल्यांकक यांचे संगनमत झाले की बारा लाखांचे घर अठराचे दिसते. सही कामगाराची होते, आणि वीस वर्षे तो नसलेल्या सहा लाखांवर व्याज भरतो. २००८ साली अमेरिकेत घरांचा बाजार कोसळला त्याच्या अनेक कारणांत अशी फुगवलेली मूल्यांकनेही होती. त्यानंतर २०१० च्या कायद्याने त्यांनी मूल्यांककावर दडपण आणणे बेकायदा ठरवले, आणि २०१४ पासून पहिल्या गहाणाच्या घरकर्जात मूल्यांकनाची प्रत अर्जदाराला विनामूल्य देणे कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक केले.

आम्हाला हवे आहे ते नेमके हेच. मूल्यांककाची फी भरतो कर्जदार. अहवाल जातो बँकेकडे. कर्जदाराला सांगितला जातो तो फक्त आकडा, आणि पुष्कळदा तोही नाही. नुसते 'इतके मंजूर' एवढेच. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांसाठी मुख्य बाबींचे विवरणपत्र सक्तीचे केले. बँकेने दुसऱ्यासाठी वसूल केलेले खर्च त्यात दाखवावे लागतात, त्यांची पावती द्यावी लागते. पावतीपर्यंत आलो आहोत. ज्या कागदाची पावती मिळते तो कागदही मिळाला पाहिजे, आणि मराठीत मिळाला पाहिजे. गिरणीत दराचा तक्ता भिंतीवर लावून घेण्यासाठी आमच्या आधीच्या पिढ्यांनी भांडणे केली. दर पटो न पटो, तो दिसला तर पाहिजे! दिसला की चूक धरता येते : लांबी कमी मोजली, आतली खोली सोडली, बोअरवेल धरली नाही, वीस वर्षांऐवजी तीस वर्षांचा घसारा लावला. अहवाल पाहिल्यावर दुसऱ्या मूल्यांककाकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क, तोही ठरलेल्या मुदतीत, हे त्याच्या पुढचे पाऊल.

आणि आपल्याकडचे काम? खरेदीखत खऱ्या किमतीचे करणे. हे एकट्याने होत नाही, हे आम्ही जाणतो. एकटा घेणारा अडून बसला तर विक्रेता दुसरे गिऱ्हाईक पाहतो. पण एका ले-आऊटमधले पंधरा-वीस जण एकत्र बसले आणि आम्ही पूर्ण रकमेचे खत करू, नाहीतर कोणीच घेणार नाही, असे म्हणाले, तर विक्रेत्याला ऐकावे लागते. वरच्या उदाहरणातच हिशेब करा. सौदा १८ लाखांचा, खतही १८ लाखांचे. मुद्रांकाचे काही हजार जास्त गेले. पण मूल्यांककाच्या हाती १८ लाखांचे नोंदलेले व्यवहार आले, त्याने समजा १७ लाख धरले, तर कर्ज १५ लाख ३० हजारांचे होते. स्वतःचे आणायचे ८ लाख १० हजारांवरून २ लाख ७० हजारांवर आले. हप्ता वाढेल, हे खरे; पण तो बँकेच्या व्याजाने, सावकाराच्या नव्हे. अर्थात पगाराची चिठ्ठी तेवढा हप्ता पेलणारी हवी, आणि तिथे पुन्हा किमान वेतनाचा प्रश्न येतो, जो आमचा रोजचाच आहे.

मूल्यांकन अहवालाची प्रत मागण्याच्या अर्जाचा एक नमुना आम्ही मराठीत छापून आणला आहे. त्यात शाखाधिकाऱ्याचे नाव, कर्ज प्रकरणाचा क्रमांक आणि फी भरल्याच्या पावतीचा क्रमांक घालायचा. दोन प्रती कराव्या, एकीवर पोच घ्यावी. अर्जामागे काळ्या मातीतल्या पायासाठी कोणत्या पावत्या ठेवाव्या आणि कोणत्या टप्प्यावर छायाचित्र घ्यावे याची यादी आहे. ते कागद बाहेर दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांना हवे त्यांनी जाताना न्यावे.